दादाची हजेरी

मी रक्तवाहिन्यांची हजेरी घेते. कुणी नोकरी विचारली की मी हेच सांगते, आणि समोरचा माणूस हसून हवापाण्याकडे वळतो. वळू दे. एकतीस वर्षं मी हेच केलं आहे आणि मला त्याची लाज नाही.

समोरच्या इस्पितळात हृदयाची ऑपरेशनं होतात. त्यात रक्तवाहिनीचा एखादा तुकडा उरतो. पेशंटने आधी सही दिलेली असेल तर तो तुकडा कचऱ्यात न जाता बर्फातल्या बाटलीतून आमच्या प्रयोगशाळेत येतो. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. मी त्याच्या दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या कापते. चकती म्हणजे बाहुलीच्या बोटातली अंगठी म्हणा. अंगठीतून तारेचे दोन आकडे ओवायचे, एक खाली पक्का आणि एक वर ताण मोजणाऱ्या यंत्राला टांगलेला. मग ती काचेच्या भांड्यात सोडायची. भांड्यात अंगाइतकं कोमट खारं पाणी, आणि तळातून वायूचे बुडबुडे. अंगठी आवळली की कागदावर पेन वर जातं, ढिली पडली की खाली येतं. बाकीच्या टेबलांवर कॉम्प्युटर आले, मी पेन आणि कागदाचं जुनं धूड सोडलं नाही. डोळ्यांसमोर शाई उमटली की मला बरं वाटतं.

आता हजेरी. भांड्यात पोटॅशियम टाकलं की अंगठीतल्या स्नायूंच्या पेशींची दारं उघडतात आणि बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम आत आलं की स्नायू आवळतो. मग पाणी बदलायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा टाकायचं. असं तीनदा. जी अंगठी ओ देते ती कामाची. जी देत नाही ती कचऱ्यात. आवळली म्हणजे जिवंत, ढिली राहिली म्हणजे मेली. नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी हे वाक्य तीनदा म्हणायला लावलं आहे. काही जण लग्न होऊन, पोरंबाळं होऊन भेटायला येतात तेव्हाही दारातून तेच वाक्य फेकतात.

माझा दादा प्लंबर. घराघरातले नळ, टाक्या, तुंबलेल्या मोऱ्या. त्याच्या छातीतल्या तीन वाहिन्या बंद झाल्या आहेत असं कळलं तेव्हा तो डॉक्टरांच्या तोंडावर हसला. म्हणाला, "आयुष्यभर लोकांचा गाळ काढला, स्वतःच्या पायपाकडे बघायचं राहिलं." डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या हाताची एक वाहिनी काढून हृदयाला जोडायची, तिला पर्यायी रस्ता बनवायचं. हे त्याला पटलं. न पटण्यासारखी गोष्ट मी सांगितली.

"ती नळी स्वतः आवळते, दादा. हाताच्या वाहिनीला तर फारच सवय. तिच्या भिंतीत स्नायू असतो."

"पाइप आवळतो?" दादा माझ्याकडे बघत राहिला. "असला पाइप मी बसवला असता ना, तर लोकांनी मला रस्त्यात धरून बदडलं असतं."

"कॅल्शियम लागलं की आवळतो. बाहेर किती आहे तेही त्याला कळतं. पेशीच्या अंगावर कॅल्शियम चाखणारी जीभच असते म्हण."

"म्हणजे तुझ्यासारखी. लांब."

सहीचा कागद मीच पुढे केला. उरलेला तुकडा संशोधनाला देण्याची परवानगी. त्याने सही ठोकली आणि पेन माझ्या नाकाला लावून म्हणाला, "चिमटे, माझा तुकडा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस हां." चिमटे हे त्याने मला नोकरी लागली त्या आठवड्यात ठेवलेलं नाव, हातात सदा चिमटा म्हणून.

आमच्याकडे नियम आहे, स्वतःच्या माणसाच्या तुकड्यावर काम करायचं नाही. नियम चांगला आहे. पण त्या दिवशी समोर एकच ऑपरेशन होतं, आणि दुपारी एक वाजता नंबर लिहिलेली बाटली आली तेव्हा बाटली आणणाऱ्या वॉर्डबॉयलाही माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. मी तोंड मिटून सही केली. मला वाटलं, परक्या हाताने ओढाताण करून कापण्यापेक्षा मी बरी.

ऑपरेशन नीट झालं होतं. वहिनीचा फोन आला होता, "बारा पाचला बाहेर आणलं. बारा अकराला आयसीयूत." वहिनी बस डेपोत वेळनोंदणीचं काम करते. तिच्या तोंडून 'मघाशी' किंवा 'जरा वेळाने' असे शब्द कधी निघत नाहीत. दादा म्हणायचा, हिने मला हो सुद्धा वेळ सांगून म्हटलं.

मी चार अंगठ्या कापल्या. तीन कापताना चुरगळल्या. आयुष्यात पहिल्यांदा. चौथी छान निघाली, जाड भिंतीची, गुलाबीसर. लहानपणी रस्ता ओलांडताना दादा डाव्या हाताने माझं मनगट धरायचा, कारण उजव्या हातात दोघांची दप्तरं असायची. असा धरायचा की घरी पोचल्यावर मनगटावर चार बोटं उमटलेली. मी ओरडायची. तो म्हणायचा, निसटलीस तर आई मला मारेल.

अंगठी आकड्यांवर चढवली, ताण दिला, स्थिर होऊ दिलं. दोन दहाला पहिली हजेरी घेतली.

पेन उडालंच. इतकी जोरात ओ मी क्वचित पाहिली होती. मला हसू फुटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" कागदावर बाण काढून वेळ लिहिली, पाणी बदललं. दोन चाळीसला दुसरी. पेन आणखी वर. मला खरंच आनंद झाला होता. तो तिकडे नळ्यांच्या जंजाळात बेशुद्ध पडलेला, पण इथे माझ्यासमोर त्याची पकड शाबूत होती. दादा जिवंत आहे, धडधडीत जिवंत आहे, आणि हे मी शाईत बघत होते. तीन दहाला तिसरी घेतली तेव्हा पेन कागदाच्या वरच्या कडेला जाऊन अडकलं.

मी पाणी बदललं. पेन खाली आलं नाही.

पुन्हा बदललं. नाही. अंगठी आवळलेली ती आवळलेलीच. पोटॅशियम धुऊन गेलं होतं, तिला आवळायला काही कारण उरलं नव्हतं. भांड्याला नाक लावून पाहिलं. अंगठीचं मधलं भोक मिटून रेघ झाली होती, ओठ दाबून धरावेत तसं.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती, आणि तिचा आवाज डेपोतल्या भोंग्यासारखा सपाट.

"ऐक. त्यांचं बिघडलंय. हातातून काढून बसवलेली नळी आवळतेय म्हणतात. पहिल्यांदा दोन दहाला झालं, मग सुटलं. मग दोन चाळीसला. आता तीन दहाला पुन्हा झालं आणि ते सुटतच नाहीये. आत धावपळ चाललीय. सुटतच नाहीये गं."

माझ्यासमोर कागद होता. त्यावर माझ्याच अक्षरात तीन बाण. दोन दहा. दोन चाळीस. तीन दहा.

अंगावर काटा येणं वगैरे काही झालं नाही. मी ते तीन बाण पुन्हा वाचले. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, आवळली म्हणजे जिवंत. भांड्यातल्या अंगठीपुरतं ते खरं आहे. माणसाच्या छातीत आवळलेली नळी म्हणजे मरण, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? दादाला मीच सांगितलं होतं. पण हाताला एक सवय लागली होती आणि डोळ्यांना दुसरी लागूच दिली नव्हती. पेन वर जाताना बघून मी टाळ्या वाजवत होते.

"वहिनी, फोन ठेवू नका," मी म्हणाले. "कानाला धरून बसा. काही हललं की वेळ सांगा."

"का?"

"सांगा हो तुम्ही!"

तिने फोन कानाला धरला. माझ्यावर चिडायलाही तिच्याकडे वेळ नव्हता.

कपाटात बिनकॅल्शियमच्या पाण्याची बाटली होती. त्यात एक पावडर असते, उरलंसुरलं कॅल्शियम धरून ठेवणारी. ते पाणी गरम करायला आठ मिनिटं लागतात. ती आठ मिनिटं मी बाटली पोटाशी धरून उभी होते, जणू माझ्या अंगाच्या उबेने काही फरक पडणार होता. मग ओतलं. पेन हललं नाही. पेशींच्या आतही कॅल्शियमचा साठा असतो, तो संपेपर्यंत त्या हट्ट धरून बसतात, हे मी स्वतःला समजावत राहिले. काढलं, दुसऱ्यांदा ओतलं. फोनमधून नुसती चपलांची फरफट ऐकू येत होती. तिसऱ्यांदा ओतलं आणि मी त्या दोन मिलिमीटरच्या मांसाशी बोलायला लागले.

"सोड, दादा. रस्ता ओलांडून झाला. सोड आता. नाही मारत आई."

पेन थरथरलं. मग हळूहळू, कुणी जिना उतरावा तसं, खाली यायला लागलं. तळाला येऊन थांबलं.

"तीन एकतीस," वहिनी फोनमध्ये म्हणाली. "डॉक्टर बाहेर आलेत. सुटलं म्हणतात." आणि मग ती रडली, लग्नानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा.

डॉक्टरांनी तीन वाजून वीस मिनिटांनी सलाइनमधून एक औषध सुरू केलं होतं. कॅल्शियमची दारं बंद करणारं, अशा वेळी देतात तेच. त्याच्यामुळे सुटलं. हे मला नंतर कळलं, आणि कुणीही शहाणा माणूस इथे फाइल बंद करेल. मीही केली असती. पण दोन दहा, दोन चाळीस, तीन दहा यांचं काय करायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पेच वेगळाच होता. अंगठी बिनकॅल्शियमच्या पाण्यात फार वेळ ठेवता येत नाही. पेशींना एकमेकींना धरून राहायलाही कॅल्शियम लागतं, ते नसेल तर भिंत उसवते. जास्त दिलं तर आवळेल, अजिबात दिलं नाही तर विरघळेल. मी पाण्यात कॅल्शियम चिमूटभर घातलं, त्यात दारं बंद करणाऱ्या औषधाचा थेंब घातला, भांडं खिडकीशेजारच्या कोपऱ्यात सरकवलं आणि वर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. मग वाट बघू लागले. भांड्यातली अंगठी एक दिवस जगते, फार तर दोन. ती आपोआप मेली की मी सुटले, असा माझा हिशोब.

तिसऱ्या दिवशी दादा साध्या वॉर्डात आला. दहाव्या दिवशी घरी. भांड्यातलं पाणी स्वच्छच होतं. मेलेली अंगठी पाणी गढूळ करते, तिचा वास येतो, ती पांढरी पडते. ही गुलाबीसरच होती. कागदावरची रेघ मात्र सरळ, पार सरळ.

मग मेली की जिवंत? कळायला एकच मार्ग आहे. हजेरी घ्यायची.

त्या विचाराने मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मेली असेल तर काहीच होणार नाही. जिवंत असेल तर पेन उडेल, आणि तिकडे घरी आराम करणारा माझा भाऊ छाती धरून खाली बसेल. फेकून देऊ म्हटलं तर फेकल्यावर ती सुकेल. सुकताना काय होईल? मी रोज सकाळी नऊ दहाला पाणी बदलत राहिले. सुट्टीच्या दिवशीही. वॉचमन म्हणाला, "ताई, घरी पटत नाही का?"

महिन्याभराने मी दादाकडे गेले होते. तो खुर्चीत, डावा हात मांडीवर, कोपरापर्यंत लांब व्रण.

"हा हात थंड पडतो," म्हणाला. "पण गंमत सांगू? सकाळी एकदा ऊब येते. कुणी कोमट पाण्यात बुडवल्यासारखी. रोज."

"चहाचा कप धरत असशील."

"चहा सातला होतो याचा," वहिनी आतून म्हणाली. "ऊब नऊ दहाला येते. मी लिहून ठेवलंय."

मी पाणी मागितलं आणि ते पिता पिता ठसका लागला.

आमच्या प्रोफेसरबाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, हुशार आणि फटकळ. मला ताई म्हणतात आणि ताईसारखंच रागावूनही घेतात. तीन महिन्यांनी त्या कोपऱ्यापाशी थांबल्या. कागदाची गुंडाळी उलगडून पाहिली. मैलभर सरळ रेघ.

"ताई, हे काय आहे? तीन महिने एका मेलेल्या अंगठीला वायू खिलवताय?"

"मेली आहे असं कुठे ठरलंय?"

"मग हजेरी घ्या."

"नाही घेत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी सगळं सांगितलं. नियम मोडला तेही. त्या खुर्चीत बसल्या आणि मी बोलत असताना एकदाही मधे बोलल्या नाहीत, हे त्यांच्या स्वभावात नाही.

"ताई," शेवटी म्हणाल्या, "हाताची वाहिनी ऑपरेशननंतर आवळतेच. तीनदा आवळली. तुम्ही तीनदा पोटॅशियम टाकलंत. दिवसाला शेकडो लोक शेकडो गोष्टी त्याच मिनिटाला करतात. तुम्ही प्रयोगशाळेत काम करता की मांत्रिकाकडे?"

"मान्य."

"मान्य ना? सरका मग. मी घेते."

मी सरकले. अडवावं असं वाटलं, पण खरं सांगायचं तर माझ्यातल्या एका कोपऱ्याला हवंही होतं की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. त्या कोपऱ्याची मला आजही घृणा वाटते. बाईंनी पिपेट भरलं. भांड्याच्या तोंडाशी आणलं. टोकाशी थेंब लोंबत होता. पेन सरळ रेघ ओढत होतं. बुडबुडे येत होते.

"निम्मं टाकते," बाई म्हणाल्या. "समाधान?"

"निम्मा भाऊ चालेल का मला?"

 भांड्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "आता कुठे असतील ते?"

"आज पहिल्यांदा कामावर गेलाय. कुणाच्या तरी टाकीवर चढला असेल."

"टाकीवर?"

"तिसऱ्या मजल्याच्या वर."

थेंब लोंबत होता. बाईंचा हात, ज्याने मी दहा वर्षांत एकदाही चुकीचं माप पडताना पाहिलं नव्हतं, तो तसाच हवेत थांबला. मग त्यांनी पिपेट मागे घेतलं, बेसिनमध्ये रिकामं केलं, नळ सोडून धुतलं. गरजेपेक्षा बराच वेळ धुतलं.

"उद्या बघू," म्हणाल्या.

तो उद्या आला नाही. बाई त्या कोपऱ्याकडे बघायच्याच बंद झाल्या. येता-जाता वळसा घालून जायच्या. एकदा विद्यार्थ्याने त्या चिठ्ठीला बोट लावलं तर त्याला इतक्या जोरात ओरडल्या की तो दोन दिवस फिरकला नाही.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. शेवटचे आठ दिवस मला झोप नव्हती, कारण सांगायला नकोच. भांडं घरी न्यावं तर गरम पाण्याचं यंत्र, वायू, सगळं कुठून आणू? शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा झाला, शाल झाली, भाषणं झाली. सगळे गेल्यावर बाई त्यांची वही घेऊन माझ्या स्टुलावर येऊन बसल्या. पेनचं टोपण काढलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "कॅल्शियम किती घालता?"

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

"औषध?"

"एक थेंब. रोज ताजं."

"वेळ?"

"नऊ दहा."

"माझा यावर विश्वास नाही, ताई. हे लक्षात असू द्या."

"माझा तरी कुठे आहे," मी म्हणाले, आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं, म्हणून दोघी भलतीकडे बघायला लागलो.

आता रोज सकाळी मी फोन समोर ठेवून बसते. नऊ वाजून अकरा मिनिटांनी तो वाजतो. बाई नमस्कार करत नाहीत, तब्येत विचारत नाहीत. "बदललं," एवढंच म्हणतात आणि ठेवतात. मग मी दादाला फोन लावते. तो कामात असला की खेकसतो, "काय आहे चिमटे, रोज रोज?" आणि मी म्हणते, काही नाही, हात कसा आहे.

काल नऊ अकराला फोन वाजला नाही. नऊ पंधराला नाही. मी दादाला लावला, त्याने उचलला नाही. वहिनीला लावला, डेपोत तो लागत नव्हता. नऊ बावीसला फोन वाजला. बाई धापा टाकत होत्या. लिफ्ट बंद होती, जिन्याने आले, आत्ता बदललं, म्हणाल्या. मी फोन कानाला धरून राहिले. तिकडे बाईही फोन ठेवेनात. मागून बुडबुड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "ताई, ते बरे आहेत ना?"